बस नंबर चारचे यंत्रगडी

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची, कारण आजपासून मी पद असलेला माणूस आहे. इतकी वर्षं क्वालिटीच्या कागदांवर शिक्के मारले, पण कुणी 'समन्वयक' म्हटलं नव्हतं. आज आमचे एचआर मॅनेजर दिग्विजय सर यांनी केबिनमध्ये बोलावून मला 'बस समन्वयक' नेमलं. सर माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत, पण इंग्रजी खणखणीत.

झालं असं की आमच्या बसमध्ये गेल्या आठवड्यात मारामारी झाली. बस नंबर चार, आकुर्डी ते चाकण, जनरल शिफ्ट. ड्रायव्हर गोरक्ष चऱ्होलीचा, त्याला सकाळी कीर्तन लागतं. कटिंगवरचा कंत्राटी कामगार विक्की, त्याला डीजे लागतो. विक्कीने स्पीकरची वायर उपटली. गोरक्षने मोशीच्या चौकात बस आडवी उभी केली, चावी खिशात घातली आणि खाली उतरून चहा प्यायला. मागे कंटेनरांची रांग कुठवर गेली ते कुणालाच दिसलं नाही. आम्ही गाड्यांच्या दरवाज्यांची रबरं बनवतो. आमचं रबर उशिरा गेलं की पुढच्या मोठ्या कंपनीची अख्खी लाइन थांबते आणि त्यांचे साहेब फोनवर ओरडतात.

सर म्हणाले, "गायकवाड, लोकांचं मन रमवा. मार्चपासून कंत्राटी लोकांच्या बसचं सुसूत्रीकरण आहे. तोपर्यंत मला शांतता हवीय."

सुसूत्रीकरण म्हणजे बस वेळेवर येणार, असं दिसतं. संध्याकाळी ही चांगली बातमी मी गोरक्षला दिली. तो आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला.

७ जानेवारी, मंगळवार

भावगीतं लावली, भांडण. बातम्या लावल्या, मोठं भांडण. जुन्या क्रिकेट सामन्याचं समालोचन लावलं, तर त्यातही दोन पक्ष पडले. सामना कधीच संपलेला होता.

घरी मिनलला सांगितलं. ती वह्या तपासत होती. (मिनल माझी पत्नी, शाळेत शिकवते.) मान वर न करता म्हणाली, "अहो, असं काहीतरी लावा, ज्यात कुणाचंच काही नाही."

जेवताना विचार केला आणि घास हातात धरूनच उठलो. अवकाश! तिथे अजून कुणाचं गाव नाही, जात नाही, पक्ष नाही. विज्ञानकथा लावायच्या! मिनल म्हणाली, "आधी आमटी संपवा."

९ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. दिवसभर मोबाइल घेऊन गॅलरीत बसलो. फुकट विज्ञानकथा शोधणं वाटतं तितकं सोपं नाही.

पहिल्या ठिकाणी मोठं हिरवं बटण होतं, 'येथे दाबा'. दाबलं. फोनमधून बाई ओरडली की मी रमीत जिंकलोय. बंद करायला गेलो तर केस उगवण्याचं तेल आलं. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, खालीलपैकी बस असलेली चित्रं निवडा. रोज बसने जाणाऱ्या माणसाला! तरी दोनदा चुकलो. एका चित्रात बसचा फक्त आरसा होता. तो धरायचा की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मराठीतही सापडलं थोडं. जुन्या मासिकांची पानं कुणीतरी प्रेमाने स्कॅन करून ठेवली आहेत. पण शास्त्रज्ञ यानाचं दार उघडतो तिथे पान उलटं लागलंय आणि पुढचं पान पाककृतीचं आहे. एक मराठी ध्वनिकथाही मिळाली. वाचणाऱ्याचा आवाज उत्तम, मात्र मंगळावर उतरताना मागे भंगारवाला येऊन गेला.

चहाच्या वेळी मोठं घबाड लागलं. एका ठिकाणी जगभरातले हौशी लोक जुनी पुस्तकं स्वतः मोठ्याने वाचून ठेवतात. हक्क संपलेली, त्यामुळे कुणीही फुकट ऐकावीत. दुसऱ्या ठिकाणी जुनी अमेरिकन चित्रकथांची मासिकं, तीही उघडपणे फुकट. मी मिनलला विचारलं, लोक हे सगळं का करत असतील? ती म्हणाली, "तुमच्यासारखेच असतील."

११ जानेवारी, शनिवार

आज चित्रकथा नेल्या. विक्कीने टॅब आणला होता, तो सीटमागून सीट फिरवला. चतुराबाई हाउसकीपिंगला आहेत, चिखलीहून चढतात, बसमध्ये त्यांचा शब्द चालतो. त्यांनी काचेचं शिरस्त्राण घातलेल्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.

"हिला उकडत न्हाई व्हय? आन खाली एवढेसे कपडे. वर झाकायचं आन खाली उघडं, ही कुठली तऱ्हा?"

मी सांगितलं, अवकाशात हवा नसते.

"मग पायांना लागत न्हाई का हवा?"

मी घाईने पान उलटलं. पुढच्या पानावर तीन डोळ्यांचा हिरवा मुकादम होता. विक्की ओरडला, "भावा, हा तर आपला शिफ्ट इनचार्ज!" सगळी बस हसली. गोरक्षही आरशात हसला. भांडण नाही. मी सरांना अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यांनीही अंगठा पाठवला.

१३ जानेवारी, सोमवार

ध्वनिकथा सुरू केली. वाचणारी अमेरिकेतली कुणी आजी असावी, मधूनमधून खोकते. शनीच्या एका चंद्रावर बर्फाची खाण आहे, तिथे लोखंडी यंत्रमानव राबतात, अशी गोष्ट. इंग्रजी सगळ्यांना झेपेना, म्हणून मी माइक घेऊन दर वाक्याला थांबवून मराठीत सांगू लागलो. यंत्रमानव म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून चतुराबाईंनी 'यंत्रगडी' केलं. मुख्य गड्याचं नाव क्ष-सात. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं आहे, त्यामुळे आजी वेगात बोलल्या की मी अंदाज बांधतो. कुणाची तक्रार आली नाही.

कुरुळीजवळ नेहमीसारखं सगळं तुंबलं. एरवी शिव्या सुरू होतात. आज कुणीतरी म्हणालं, "बरं झालं."

२० जानेवारी, सोमवार

घात झाला. खाणीचा मालक पृथ्वीवरून येतो, क्ष-सातला समोर उभं करतो, आणि फाइल संपते. पुढचे भाग कुणी वाचून ठेवलेलेच नाहीत. आजी दमल्या असतील, किंवा खोकला वाढला असेल. पुस्तकही कुठे मिळेना.

बसमध्ये हे सांगितलं. विक्की म्हणाला, "राव, असं कसं? आता तुम्हीच सांगा पुढचं." मी म्हटलं, मी समन्वयक आहे, लेखक नाही. तेवढ्यात मोशीहून चढणारी पुनम बोलली. असेंब्ली लाइनवर आहे, कधी फारशी बोलत नाही. तिने विचारलं, "दादा, हे गडी राहतात शेडमध्ये आणि खाण लांब. मग कामावर जातात कसे?"

मी म्हटलं, आजींनी सांगितलेलं नाही.

"गाडी असंल की त्यास्नी," चतुराबाई म्हणाल्या. "आन मालक आता ती बंद करनार हाय."

वा! किती नैसर्गिक कलाटणी. आमच्या बसमध्ये एवढी कल्पनाशक्ती असेल असं वाटलं नव्हतं. मी लगेच मालकाच्या तोंडी वाक्य घातलं : उद्यापासून कंत्राटी गड्यांनी स्वतःच्या चाकांवर यायचं. अख्खी बस पुढे सरकून बसली. गोरक्षने तर आवाज वाढवला.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक चूक झाली.

पुनमने विचारलं, "आणि एखादा गडी वाटेत चिरडला तर? मालक काय करतो?"

मी लोखंडी माणसाचा विचार करून सांगितलं, "त्याचे सुटे भाग काढतात आणि दुसऱ्याला बसवतात." मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. पुनम खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर ट्रकच्या चाकाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

उतरताना गोरक्षने मला थांबवलं. "गायकवाड साहेब, तिचा मालक मागच्या साली याच रोडला गेला. मोटारसायकल होती. कंटेनरवाला थांबला पन न्हाई. म्हणून तर सासू तिला बस असली तरच कामावर धाडती."

दिवसभर शिक्के वाकडे पडले.

२३ जानेवारी, गुरुवार

सुट्टी असून चैन नाही. मिनलला सांगितलं. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "गोष्ट तुमच्याच हातात आहे ना? मग बदला."

२४ जानेवारी, शुक्रवार

बदलली. आज सांगितलं : परवा मी चुकीचा अर्थ लावला होता. वाटेत पडलेल्या गड्याचे भाग कुणी काढत नाही. सगळे गडी हातातली पहार खाली ठेवतात, त्याच्याभोवती गोल उभे राहतात आणि मालक येऊन त्याचं नाव विचारेपर्यंत हलत नाहीत. मालकाला फक्त नंबर माहीत असतो. नाव त्याने कधी विचारलेलंच नसतं, म्हणून तो खाली बघतो.

"काय नाव होतं त्याचं?" चतुराबाईंनी विचारलं.

मी ठरवलं नव्हतं. मागून पुनमचा आवाज आला, "जयसिंग."

तेच ठेवलं.

२९ जानेवारी, बुधवार

कथा आता रोज वाढते आहे. लोक घरून सूचना घेऊन येतात. गड्यांच्या मागण्या ठरल्या : गाडी बंद करायची नाही, कंत्राटी आणि कायम, सगळे एकाच गाडीत बसतील, बॅटरी चार्ज व्हायला लागणारा वेळ ड्यूटीत धरायचा. मान्य नसेल तर शुक्रवारी, सात तारखेला काम बंद. तारीख विक्कीने सुचवली. त्या दिवशी आमच्या कंपनीतून मोठा माल जायचा आहे, म्हणून त्याच्या लक्षात राहील, असं म्हणाला.

काम बंद कसं करतात याचं वर्णन मला बरं जमलं. वडील आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात होते. गेटवरची सभा, घरून बांधून आणलेली भाकरी, हलगी, हे सगळं लहानपणी कानावर पडलंय. मी स्वतः अशा भानगडींपासून कायम दूर राहिलो. पण चंद्रावर चालतं.

आणखी एक आनंदाची गोष्ट. एक, दोन आणि तीन नंबरच्या बसमधूनही मागणी आली. विक्कीने चारही बसेस फोनवर जोडल्या आहेत. मी इथे बोलतो आणि रावेतच्या बसमध्ये टाळ्या पडतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिग्विजय सरांनी बोलावलं. दार आतून लावून घेतलं. मला वाटलं सत्कार असेल.

"गायकवाड, बसमध्ये काय चाललंय?"

"विज्ञानकथा, सर. पूर्णपणे विनामूल्य."

"शुक्रवारी काय आहे?"

मला इतका आनंद झाला! "सर, तुम्हीसुद्धा ऐकताय?"

"मला सगळं कळतं. शुक्रवारी काम बंद आहे ना? यांचा लीडर कोण?"

"क्ष-सात."

त्यांनी लिहून घेतलं. "कुठल्या डिपार्टमेंटचा?"

"खाणीतला, सर."

"कंत्राटी की पर्मनंट?"

"सर, तो लोखंडी आहे."

सरांनी लिहिणं थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ऐकत नाही कुणाचं, असं?"

"अजिबात नाही. त्याला डोकंच नाही ना. मेंदू छातीत आहे."

"यांच्या पाठीशी बाहेरचं कोण आहे?"

"बाकीच्या चंद्रांवरचे गडी आहेत. ते योग्य वेळी उतरणार, असं माझ्या मनात आहे. अजून कुणाला बोललो नाही."

सरांच्या कपाळावर घाम आला, एसी चालू असताना. त्यांनी मला स्वतःचा चहा दिला. म्हणाले, "तुम्ही कोड्यात बोलताय. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार हुशार निघालात."

एवढं कौतुक मला कंपनीत कधी कुणी केलं नव्हतं. घरी येऊन मिनलला शब्दन् शब्द सांगितला. ती आधी हसली, मग हसता हसता खुर्चीत बसली, मग एकदम गंभीर झाली. "अहो, तुम्हाला खरंच काही कळत नाही का?"

मी म्हटलं, कळतं ना. सरांना विज्ञानकथेची आवड आहे.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असंच राहा."

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. उद्याच्या भागाची तयारी केली. मालक सहजासहजी ऐकणार नाही. आधी धमकी देईल, मग क्ष-सातला मुकादमकीची लालूच दाखवेल, मग वीज तोडेल. तेव्हा बाकीच्या चंद्रांवरचे गडी आकाशातून उतरतील. आरशासमोर म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी बस भरगच्च. एरवी स्वतःच्या गाडीने येणारे दोघे-तिघेही चढले होते. नेमका आज रस्ता मोकळा! कुणी बडी असामी येणार म्हणून पोलिसांनी सगळे अवजड ट्रक अडवून ठेवले होते. मोशी गेली, चिंबळी फाटा गेला, कुरुळी तर दिसलीसुद्धा नाही. मी जोरात बोलत होतो, पण बस माझ्याहून जोरात होती. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा मालकाची नुसती पहिली धमकी झाली होती.

मी माइक खाली ठेवला. "उरलेलं संध्याकाळी."

"न्हाई," चतुराबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. "संपल्याबिगर आमी उतरत नसतो."

कुणीच उठलं नाही. गोरक्षने इंजिन बंद केलं. मागे तिन्ही बसेस उभ्या राहिल्या, त्यांतूनही कुणी उतरेना. मला भरून आलं. कथेवर एवढं प्रेम! समन्वयक म्हणून मला वेळेची काळजी होती, हे खरं. पण अशा श्रोत्यांना अर्ध्यावर कसं सोडायचं? मी पुढे सुरू केलं.

लालूच दाखवण्यापर्यंत आलो आणि दार उघडून दिग्विजय सर चढले. मागोमाग प्लांट हेड. त्यांना मी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि ते तो सारखा कापत होते.

"गायकवाड, थांबवा हे," दिग्विजय सर म्हणाले.

"सर, थोडंच राहिलंय. क्ष-सात मालकासमोर उभा आहे."

प्लांट हेड म्हणाले, "मागण्या काय आहेत ते सांगा. सरळ."

कथेत मालकही हेच म्हणतो! मी म्हटलं, छान, साहेब स्वतः भूमिका घेतायत. मी माइक धरला आणि क्ष-सातच्या आवाजात मागण्या म्हटल्या. गाडी बंद करायची नाही. सगळे एकाच गाडीत. चार्जिंगचा वेळ ड्यूटीत.

"चार्जिंग म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"लंच टायम," चतुराबाई मागून म्हणाल्या. "कंत्राटी मानसांचा निम्माच धरत्यात."

साहेबांनी एकदा दिग्विजय सरांकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर. बाहेर माल न्यायला आलेले ट्रक रिकामे उभे होते. फोन पुन्हा वाजला.

"ठीक आहे. बस बंद होणार नाही. कंत्राटी, पर्मनंट, सगळ्यांना बस. लंचचंही बघतो. आजच नोटीस लागेल. उतरा आता."

बसमध्ये जो कल्ला झाला! मी मात्र हादरलो. "साहेब, नाही! एवढ्यात कबूल करायचं नसतं! अजून वीज तोडायची आहे!"

साहेबांचा चेहरा पडला. "आणखी काय हवंय तुम्हाला?"

मला म्हणायचं होतं की धमकी, लालूच, वीज असा क्रम आहे, तो मोडला की कथेत दमच राहत नाही. पण विक्की माझ्या आधी ओरडला, "बसमध्ये पंखे!"

"देतो. पंखे देतो. गायकवाड, प्लीज."

लोक उतरले. विक्कीने मला उचललं, टपाला डोकं आपटलं. पुनम शेवटी उतरली. माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "दादा, मालकाने नाव विचारलं नाही अजून."

प्लांट हेड पायरीवरच होते. त्यांना ऐकू गेलं. "कुणाचं नाव?"

"जयसिंग," ती म्हणाली. "माझे मिस्टर. या रस्त्याला गेले."

त्यांनी खाली बघितलं. मग तिच्यासाठी बाजूला झाले.

मी बराच वेळ रिकाम्या बसमध्ये बसलो होतो. माइक आणि जोडलेला फोन चालूच राहिले होते. रावेतच्या बसमधून कुणीतरी विचारलं, "साहेब, संपली का गोष्ट?"

८ फेब्रुवारी, शनिवार

नोटीस लागली आहे. तिच्यासमोर लोक फोटो काढत होते. सकाळी बसमध्ये शिरलो तर चतुराबाईंनी तिळाची पोळी हातावर ठेवली, गोरक्षने स्वतःची पुढची सीट पुसून दिली, आणि सगळे उभे राहिले. दिग्विजय सर दिसले तेव्हा त्यांनी मला आधी नमस्कार केला. समन्वयकाच्या पदाला हळूहळू मान मिळतोय.

पण मला काही चैन नव्हतं. मोशी सोडल्यावर माइक घेतला आणि मनातलं बोललो. म्हटलं, मंडळी, काल आपला भाग बिघडला. मालकाने फार लवकर माघार घेतली, त्यामुळे काम बंद झालंच नाही. गड्यांनी एवढी तयारी केली, बाकीचे चंद्र येऊन थांबलेत, हलगी तापवून ठेवली आहे. ऐन प्रसंग सांगायचाच राहिला. सोमवारी मी तो नीट सांगतो, पहिल्यापासून.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विक्की तोंडावर रुमाल धरून बसला. शेवटी पुनम उठली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"नको दादा," ती म्हणाली. "काम बंद राहू द्या तसंच, राखून ठेवा. लागेल तेव्हा सांगू तुम्हाला."

"व्हय, व्हय," सगळी बस म्हणाली.

श्रोत्यांपुढे कुणाचं चालतं? राखून ठेवलं आहे. प्रसंग चांगला आहे, वाया जाणार नाही.